चिठ्ठीवरचा भाव

रविवार, आठ फेब्रुवारी. लातूर, मन्मथअप्पांच्या घरातली वरची खोली, सकाळचे अकरा. हजर : देगलूरचे गुरांचे डॉक्टर जोशी, नांदेडच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले सलीम सर, मी, आणि दाराजवळच्या खुर्चीवर अक्का, म्हणजे अप्पांच्या पत्नी. गैरहजर : मन्मथअप्पा.

एवढं सवयीनं लिहून झालं आणि पेन थांबलं. आमच्या बैठकीची हजेरी मी पंधरा वर्षं लिहिते आहे. जो आला नाही त्याच्या नावापुढे कारण लिहायची माझी पद्धत आहे. ताप, घरी लग्न, एसटीचा संप. अप्पांच्या नावापुढे काय लिहायचं ते सुचेना... तो रकाना अजून कोराच आहे.

माझं नांदेडला औषधांचं दुकान आहे. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं बाजूला काढत बसले होते, तेव्हा सलीम सरांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "ताई, अप्पा गए." मी घड्याळात पाहून हातातल्या खोक्याच्या पाठीवर वेळ लिहिली. दहा वाजून वीस मिनिटं. मग दुकान बंद करून दोघं एसटीनं लातूरला गेलो. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पांना बसवलेलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार. सलीम सरांनी खिशातून कापसाचा बोळा काढून अक्कांच्या हातात दिला. अक्का उठल्या, कपाटाकडे गेल्या, एका बाटलीतलं चंदन त्या बोळ्याला लावलं आणि तो अप्पांच्या उजव्या कानात ठेवला. रोज सकाळी बाजारात निघताना अप्पा ठेवायचे तसाच. ती बाटली माझ्या यादीतली एकेचाळीस नंबरची. तिच्यासाठी नंबर लावलेल्यांत पहिलं नाव माझं आहे.

हे समजायला आमची बैठक काय आहे ते सांगायला हवं. आम्ही चार माणसं अत्तराच्या नादाची. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमायचो, एकदा नांदेडला सलीम सरांकडे, एकदा लातूरला अप्पांकडे. आपापल्या बाटल्या काढायच्या, मनगटाला लावायच्या, थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग भांडायचं. खस, हिना, गुलाब, मातीचं अत्तर, थंडीतला शमामा. आमच्यापैकी कुणी श्रीमंत नाही. त्यामुळे एकानं घेतलेली बाटली थोडी वापरून दुसऱ्याला देणं, त्या पैशात नवी आणणं, असं चालायचं. एकमेकांना द्यायचं म्हटलं की भाव आला, आणि भाव आला की माणसांची तोंडं बदलतात. हे अप्पांना आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण त्यांचा जन्म त्यातच गेला होता. मूळचे मुरुडचे, लातूरच्या बाजारात तुरीच्या डाळीचे दलाल. डाळीच्या धुळीतून चंदनाचा वास आला की हमाल म्हणायचे, अप्पा आले, आणि मग कोपऱ्यावरून अप्पा दिसायचे.

सुरुवातीला बैठकीत पाचवे एक गृहस्थ होते. त्यांनी खसाची एक बाटली सलीम सरांना दिली ती घेतल्या किमतीच्या तिप्पट घेऊन. सलीम सरांचा त्या खसावर जीव जडला होता आणि त्या गृहस्थांना तो दिसला होता. खोटं काही नव्हतं, सरांनी राजीखुशीनं पैसे दिले. पण पुढच्या दोन बैठकांना सरांनी ती बाटली आणलीच नाही. अप्पांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "लावली की तेच आठवतं. बहुत दिये, असं वाटतं." अप्पांनी मांडी बदलली आणि म्हणाले, "म्हंजे ह्या खसाला आता भावाचा वास यायला लागला. आठवडाभर मी भावच करून राहिलो की बाजारात. रविवारी तरी माझ्या नाकाला सुट्टी द्या." त्या दिवशी नियम ठरला. बाटली ज्या भावानं आपल्याकडे आली त्याच भावानं पुढं द्यायची. कमी नाही, जास्त नाही, फुकट तर नाहीच. "फुकट दिलं की घेणारा मान वर करून बोलत न्हाई," अप्पा म्हणाले. तोंडाचा भरवसा नको म्हणून दुकानदारानं लिहिलेली चिठ्ठीच बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं बांधायची. पाचवे गृहस्थ पुढे यायचे थांबले.

यादी ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ते मी नीट केलं असं म्हणायला हरकत नाही. बाटलीचा नंबर, आल्याची तारीख, आला भाव, कोणाकडून कोणाकडे गेली, आणि पुढे कुणाला हवी असेल तर त्यांची नावं लावलेल्या क्रमानं. अर्धी वापरलेली बाटली असली तर मी दुकानातली इन्शुलिनची सिरिंज नेऊन उरलेलं मोजायचे आणि त्या हिशेबात भाव काढायचे. डॉक्टर चिडवायचे, "ताई, आमच्या म्हशीला एवढं जपून इंजेक्शन देत नाही मी." दर बैठकीच्या सुरुवातीला मी मागच्या महिन्याची यादी मोठ्यानं वाचायचे. चूक असेल तर तिथल्या तिथे सांगावी, हा हेतू. पंधरा वर्षांत अप्पांनी एकदाही चूक काढली नाही. माझ्या वाचनाला ते डोळे मिटून मान हलवायचे आणि मला ती शाबासकी वाटायची.

नियमावर वाद झाले नाहीत असं नाही. चंदन दरवर्षी महाग होत गेलं. डॉक्टर एकदा चांगलेच पेटले. बारा वर्षं ठेवलेलं चंदन नव्या चंदनापेक्षा गोड होतं, ते पिकतं, मग त्या बारा वर्षांचं काहीच मोल नाही का, असं त्यांचं म्हणणं. "गाभण म्हैस विकली तर पोटातल्या रेडकाचे पैसे नाही का धरत, अप्पा?" अप्पा हसले. म्हणाले, "म्हशीला तुम्ही चारा घातला डॉक्टर. बाटली तर कपाटात होती. कपाटानं काय कष्ट केले?" त्यावर सगळे हसलो. अक्का तेव्हा सुशीलाच्या, म्हणजे भिजवून फोडणी दिलेल्या चुरमुऱ्यांच्या, बशा घेऊन आत येत होत्या, त्याही हसल्या. लातूरची बैठक असली की अक्का याच खोलीत, दाराजवळच्या खुर्चीवर असायच्या. अत्तर त्या लावत नसत. बोलणं मात्र ऐकायच्या, आणि आम्हाला वाटायचं त्याहून बरंच लक्षात ठेवायच्या.

माझी आई गेली त्या उन्हाळ्यात मी बैठकीला गेले खरी, पण नाकाला काही कळत नव्हतं. निघताना अप्पांनी मातीच्या अत्तराची छोटी बाटली पुढे केली. "हे लावा. आपल्या अंगणात सडा टाकलाय असं वाटतंय." मी चिठ्ठी पाहिली, तीनशे रुपये, दिले, आणि घरी जाऊन यादीत लिहिलं. ती बाटली अजून माझ्या उशाशी आहे. फार थोडी उरली आहे.

डिसेंबरात अप्पांच्या फुप्फुसानं काम कमी केलं. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, डाळीच्या धुळीचं आहे. लातूरच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले ती आमची शेवटची भेट. नाकाला नळी लावलेली. ज्या नाकानं हा माणूस जगला, नळीला नेमकी तीच जागा सापडली होती. अक्का पायाशी बसून तळवे चोळत होत्या. अप्पांना बरं वाटावं म्हणून मी पिशवीतून यादी काढली. ऐकून त्यांना जुन्या बाटल्या आठवतील, असा माझा साधा विचार. मी चष्मा लावला तर अप्पांनी हात वर केला.

"ताई... ती यादी..."

"आहे ना, आणली आहे."

"मोठ्यानं... वाचू नका आता." थोडा वेळ श्वास घेतला, अक्कांकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणाले, "मोठ्यानं वाचत जाऊ नका."

दमले असतील असं समजून मी "बरं, पुढच्या वेळी," म्हणाले आणि यादी पिशवीत ठेवली. दोन संत्री सोलून दिली, औषधांच्या वेळा एका कागदावर लिहून भिंतीला लावल्या, आणि साडेतीनच्या एसटीनं परत आले. कामं सगळी झाली होती.

अप्पा गेल्यावर त्यांच्या कपाटातल्या सव्वीस बाटल्यांचं काय, हा प्रश्न अक्कांनीच काढला. मुलगा पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, आई ठरवेल ते. अक्कांनी मला फोन केला. "तुमी चौघंच घेत होतात की. आता तिघं घ्या. दुसऱ्या कुनाला देऊ नका, त्यांना आवडलं नसतं." मग म्हणाल्या, "जे येईल त्यात मी गुडघ्याच्या आपरेशनचं बघते. दोन वरसं पुढं ढकलून राहिले. पोराला मागणार न्हाई." अक्कांचे गुडघे आम्ही पाहिले आहेत. वरच्या खोलीतून उतरताना त्या पायरीवर बसतात, हात टेकून खालच्या पायरीवर सरकतात, पुन्हा बसतात. तेरा पायऱ्या आहेत.

बैठकीला जाण्याआधी यादी पुरी करावी म्हणून मी बसले, तर चार बाटल्यांच्या तारखा सापडेनात. सगळ्या हैदराबादच्या अत्तरवाल्या मोईनभाईंकडून आलेल्या. अप्पा पहिल्यापासून त्यांच्याचकडून घ्यायचे. मी मोईनभाईंना फोन लावला. ते अप्पांबद्दल बराच वेळ बोलले, मग वही उघडून तारखा सांगायला लागले. तारखेबरोबर सवयीनं भावही सांगत गेले. एकेचाळीस नंबरच्या चंदनाचा भाव त्यांनी सांगितला साडेसहा हजार तोळा. माझ्या यादीत नऊशे होते. मी म्हटलं, तुम्ही चुकीचं पान पाहताय. तुमच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे बाटलीला, नऊशेची.

पलीकडे मोईनभाई जरासे हसले. "वो तो घर की चिठ्ठी है, बाजी. अप्पा दो बनवाते थे. एक उनके वास्ते, एक भाभी के वास्ते. दूसरी बार आये थे तभी बोल दिये थे, घर में सच बोला तो शीशी के साथ मेरेकू भी बाहर रख देंगे."

मी एकेक नंबर विचारत गेले आणि लाल पेनानं शेजारी लिहीत गेले. सव्वीसच्या सव्वीस. त्यानंतर अप्पांकडून माझ्याकडे, डॉक्टरांकडे, सलीम सरांकडे आलेल्या. मातीचं अत्तर, तीनशे : अठराशे. त्यापुढे मी विचारलं नाही.

बायकोला किंमत कमी सांगणं हा आमच्या नादातला फार साधा अपराध आहे. सलीम सर करतात, डॉक्टर करतात, मी नवऱ्याच्या बाबतीत केला आहे. पण आम्ही तोंडी करतो. अप्पांनी तो दुकानदाराच्या अक्षरात करून घेतला, आणि नंतर त्यांनीच नियम केला की दुकानदाराची चिठ्ठी तोच भाव. खरी चिठ्ठी बांधावी तर अक्का शेजारी बसलेल्या. खोटी बांधली की त्याच भावानं द्यायची. नांदेडच्या बैठकीत त्यांना खरं सांगता आलं असतं, तिथे अक्का नसायच्या. पण नांदेडला लिहिलेली यादी पुढच्या महिन्यात लातूरला वाचली जायची. त्यांच्याच घरात, अक्कांसमोर, मोठ्यानं. मी वाचायचे. पंधरा वर्षं तो माणूस डोळे मिटून आपलं नुकसान ऐकत होता आणि मान हलवत होता.

आठ तारखेला अहमदपूरला चहा घेताना मी सलीम सरांना हे सांगितलं आणि लातूरच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांना. डॉक्टर स्कूटर बंद करून तिच्यावरच बसून राहिले. "म्हणजे नियम पाळून आपण त्यांना लुटलं," ते म्हणाले. "अन् ज्यांनी इतक्या बाटल्यांवर सोसलं, त्यांच्या तोंडावर मी म्हशीचं सांगत होतो." मग आम्ही ठरवलं की अक्कांना काही सांगायचं नाही, फक्त पैसे खऱ्या भावानं द्यायचे. ठरवताना सोपं वाटलं.

वरच्या खोलीत अक्कांनी सव्वीस बाटल्या सतरंजीवर ओळीनं मांडल्या होत्या, पुसून, प्रत्येकीची चिठ्ठी वर करून. सलीम सरांनी एक गुलाब उचलला आणि चिठ्ठीपेक्षा पाच पट पैसे घडी करून ठेवले. अक्कांनी घडी उलगडली, चिठ्ठी डोळ्याजवळ नेऊन वाचली आणि वरचे पैसे सरांच्या हातात परत दिले.

"सर, चिठ्ठीवर सातशे हाय."

"अक्का, राहू द्या. अप्पांची आठवण म्हणून."

"आठवण बाटलीत हाय की. पैशात कशाला?"

डॉक्टर पुढे झाले. "अक्का, तेव्हाचा भाव वेगळा होता. आता सगळंच वाढलंय. आज बाजारात हेच पाच-सहा हजाराच्या खाली मिळत नाही."

"वाढलं आसंल," अक्का म्हणाल्या. "कपाटानं काय कष्ट केले?"

आम्ही तिघंही खाली पाहायला लागलो. अक्कांना वाटलं, आम्हाला अप्पा आठवले. त्या जरा मऊ झाल्या आणि आपणहून सांगायला लागल्या. "पयली बाटली आणली तवा खरा भाव सांगितला त्यांनी. मी दोन दिस बोलले न्हाई. घरात तेलाचा डबा न्हाई अन् कानाला एवढ्याचं तेल. मग म्हणले, आता अशी महाग आणणार न्हाई. न्हाई आणली कधी. बाकीच्या बायांचे नवरे किती लपवतेत. ह्यांनी मला एका रुपयाचं खोटं सांगितलं न्हाई, ताई. चिठ्ठीच हातात ठेवायचे आधी."

नऊशे रुपयांच्या चिठ्ठीची बाटली माझ्यासमोर होती. नियमानं ती माझी. नियमानं मी नऊशे देऊन ती पर्समध्ये टाकून जाऊ शकत होते आणि अक्कांनी मला दारापर्यंत सोडलं असतं. चिठ्ठीच्या भावानं सव्वीस बाटल्यांचे मिळून एका गुडघ्याचेही पैसे होत नाहीत. खऱ्या भावानं एक तरी होऊन जातो. हे गणित मी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. खरा भाव अक्कांनी घ्यावा यासाठी त्यांना पटेल असं एकच कारण आहे, आणि ते सांगितलं की हातात आधी ठेवलेल्या त्या सगळ्या चिठ्ठ्या जातात. आता त्यांच्याजवळ गुडघे आहेत आणि चिठ्ठ्या आहेत. त्यांतलं काय ठेवायचं ते मी कोण ठरवणार? पण न सांगता गप्प बसले तरी ते मीच ठरवल्यासारखं आहे.

त्या दिवशी कुणीच काही घेतलं नाही. डॉक्टर म्हणाले, घाई नको, पुढच्या बैठकीला बघू. अक्का म्हणाल्या, "मग गुडघेबी पुढच्या बैठकीला." आणि बाटल्या परत कपाटात लावायला उठल्या. मी मदतीला गेले. कपाट उघडलं की चंदनाचा वास खोलीभर होतो. अक्का म्हणाल्या, त्या रोज सकाळी वर येतात, कपाट उघडतात, बाटल्या पुसतात. अत्तर त्या अजून लावत नाहीत. नुसतं दार उघडून उभ्या राहतात आणि मग तेरा पायऱ्या बसत बसत उतरतात.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "ताई, त्यांच्यावर पेपरात लिहा की. रविवारच्या पुरवणीत येतंय तसं. तुमचं सगळं टापटीप असतंय." मी हो म्हणाले. मला वाटलं होतं एका बैठकीत लिहून होईल. जन्म, गाव, व्यवसाय, स्वभाव, दोन आठवणी. लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर कळलं, भावाशिवाय अप्पांबद्दल मला एक ओळही लिहिता येत नाही. नियम लिहावा तर चिठ्ठी येते, चिठ्ठी आली की दुसरी चिठ्ठी येते. तीन मसुदे फाडले. त्या तिन्हींत अप्पा कुणीतरी दुसरेच होते. हा चौथा.

काल अक्कांचा फोन आला होता. लेख झाला का विचारत होत्या. झाला म्हटलं. "मग छापायला द्यायच्या आधी एकदा या. पेपरातलं बारीक अक्षर मला दिसत न्हाई. यादी वाचत होतात तसं वाचून दाखवा. मोठ्यानं."

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारची सकाळी सातची एसटी मी पाहून ठेवली आहे. पिशवीत सिरिंज, यादी, लाल पेनानं लिहिलेला कागद आणि ही पानं ठेवली आहेत. कामांच्या वहीत एकच काम बाकी दिसतं आहे : अक्कांना वाचून दाखवणे. त्यापुढे अजून खूण केलेली नाही.